घाणीचा चुना ते १:२:४

आमच्या निपाणी भागातले जुने वाडे चुन्यात बांधलेले. चुना-वाळू बैलाच्या घाणीत मळायची, गच्चीवर विटांचे तुकडे घालून कोबा धोपटायचा. माप गवंड्याच्या डोळ्यात. पुढं सिमेंट आलं नि तोंडी १:२:४ बसलं: ५० किलोच्या पोत्याला, म्हणजे सव्वा घनफुटाला, अडीच घनफूट वाळू, पाच घनफूट खडी. हे झालं एम-१५. आयएस ४५६ या मानकानं २००० साली आरसीसीला किमान एम-२० ठरवलंय, ढोबळमानानं १:१.५:३. तरी परवा एका घराच्या स्लॅबला गेलो, तर मिस्त्री जुनंच प्रमाण सांगत होता. तेही घमेल्यानं, एक शिगोशीग, दुसरं अर्धं. पाणी थेट पाइपनं, माल पळाला पाहिजे म्हणे! जादा पाण्यानंच तर काँक्रीट कच्चं राहतं. मी मापाची पेटी मागितली, सगळे हसले.