मुंबईचं म्युझियम आणि आपल्या घरातली जुनी पेटी

आमच्या पाचोऱ्याहून मुंबईला जाणारी माणसं बहुतेक करून दवाखान्यासाठी जातात, नाहीतर कागदपत्रांसाठी. काम आटोपलं आणि परतीच्या गाडीला वेळ असला की गेटवेला एक चक्कर होते. तिथून चालत काही मिनिटांवर बागेच्या मागे एक भला मोठा घुमट दिसतो. लोक बाहेरूनच फोटो काढतात. 'आत काय, जुने पुतळे न् भांडी,' असं म्हणून पुढे निघतात. जुनी माणसं त्याला अजून 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणतात. १९९८ सालापासून त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे.

मी मात्र प्रत्येकाला सांगतो, वेळ काढा आणि आत जा. आत आपला खानदेशही आहे.

शस्त्रांच्या दालनात बादशाह अकबराची एक पोलादी ढाल आहे. तिच्यावर बारा राशींची चित्रं आहेत आणि ती १५९३ सालची आहे. त्यानंतर सातच वर्षांनी अकबराची फौज असीरगडाला वेढा घालून बसली होती. जानेवारी १६०१ मध्ये किल्ला पडला आणि १३८२ पासून चालत आलेली फारुकी घराण्याची खानदेशची सल्तनत संपली. शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचं नाव काही काळ 'दानदेश' झालं होतं. ही ढाल असीरगडाखाली आली होती, असं मी म्हणत नाही. पण ज्या माणसाच्या हुकुमानं आपल्या मुलखाचा मालक बदलला, त्याची वस्तू एका हाताच्या अंतरावर पाहताना शाळेतला इतिहास पुस्तकातून बाहेर येतो. असीरगड, बुऱ्हाणपूर, थाळनेरचे फारुकी मकबरे ही नावं एकदम जवळची वाटू लागतात.

ही ढाल आणि तिच्यासारख्या हजारो वस्तू तिथे आल्या कशा, ही हकीकत आपल्यासाठी जास्त कामाची आहे. कारण हे म्युझियम कुणा एका राजाच्या खजिन्यातून उभं राहिलेलं नाही. ते लोकांनी दिलेल्या पैशातून आणि वस्तूंतून वाढलं.

१९०५ मध्ये इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येणार होते. त्या भेटीची आठवण म्हणून मुंबईत संग्रहालय बांधावं, असं शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींनी ठरवलं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्या हस्ते पायाभरणी झाली. नाव राजपुत्राचं मिळालं, पण पैसा नुसत्या सरकारी तिजोरीतला नव्हता. राजभेटीच्या स्मारकासाठी जमलेला निधी होता, सरकार आणि महापालिकेची मदत होती आणि व्यापाऱ्यांच्या देणग्या होत्या. त्या देणगीदारांत पारशी समाजाचे सर कावसजी जहांगीर होते, तसेच खोजा समाजातले गिरणीमालक सर करीमभाई इब्राहीमही होते.

१९०७ साली सरकारनं 'क्रेसेंट साइट' म्हणून ओळखली जाणारी जागा दिली. १९०९ मध्ये नकाशांची स्पर्धा झाली आणि जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाचा नकाशा पसंत पडला. गेटवे ऑफ इंडियाही याच विटेटचा. त्यानं म्युझियमसाठी कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला. घुमटासाठी मात्र त्यानं विजापूरकडे पाहिलं. मुहम्मद आदिलशाहाच्या कबरीवरचा गोल घुमट त्याच्या डोळ्यापुढे होता. आतल्या मध्यदालनातलं लाकडी खांब-कमानींचं काम नाशिककडच्या एका जुन्या वाड्यातून विकत आणलेलं आहे. म्हणजे नाव इंग्रज युवराजाचं, घुमट आदिलशाही वळणाचा, आतलं लाकूड मराठी वाड्याचं आणि पैसा पारशी, खोजा, हिंदू अशा सगळ्यांचा. आज त्याच घुमटाखालच्या वास्तूला शिवछत्रपतींचं नाव आहे. 'ही इमारत नेमकी कुणाची?' असा वाद घालू पाहणाऱ्यानं पाच मिनिटं मध्यदालनात उभं राहून वर बघावं.

इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. नव्या कोऱ्या म्युझियमात जखमी सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं गेलं. भायखळ्याच्या जुन्या संग्रहालयाच्या, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या, नशिबीही सुरुवातीला असंच आलं होतं. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत बराकी सैन्याला हव्या होत्या, म्हणून त्याचा संग्रह बाहेर काढला गेला आणि पुढे १८७२ मध्ये त्याला स्वतःची इमारत मिळाली. नव्या म्युझियमलाही वाट पाहावी लागली. पायाभरणीपासून सोळा वर्षं उलटल्यावर, १० जानेवारी १९२२ रोजी, गव्हर्नर लॉईड यांच्या पत्नीच्या हस्ते ते लोकांसाठी उघडलं.

इमारत झाली, पण आत ठेवायचं काय? इथून पुढचा इतिहास देणाऱ्यांचा आहे. १९१५ मध्ये शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला गेला. त्यातल्या काही वस्तू मूळच्या नाना फडणविसांच्या. सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले. त्यांनी हौसेनं जमवलेला चित्रांचा आणि वस्तूंचा संग्रह म्युझियमला मिळाला. १९३३ मध्ये त्यांचे थोरले भाऊ सर दोराब टाटा यांचाही संग्रह आला. हैदराबाद संस्थानचे सर अकबर हैदरी यांचा संग्रह आला, सनदी अधिकारी अल्मा लतीफी यांचा आला, पुढे कार्ल आणि मेहेरबाई खंडालावाला यांचा आला. मीरपूरखासच्या स्तूपातल्या बुद्धमूर्ती आल्या. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. आज तिथे ५०,००० हून जास्त वस्तू आहेत.

यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे 'अनवार-ए-सुहैली'ची अकबरकालीन सचित्र प्रत. ही किताब पंधराव्या शतकात हेरातच्या हुसैन वाइज काशिफींनी फारसीत लिहिली. तिचं मूळ मात्र आपलं पंचतंत्र. संस्कृतातून पहलवीत, पहलवीतून अरबीत 'कलीला व दिम्ना' म्हणून, तिथून फारसीत, असा फेरा घालून ती कथा अकबराच्या चित्रशाळेत परत आली. दुसरी गोष्ट म्हणजे 'लौर-चंदा'ची चित्रपानं. हे प्रेमकाव्य मौलाना दाऊद यांनी १३७९ मध्ये लिहिलं. कवी मौलाना, कथा लोरिक आणि चंदाची, भाषा अवधी आणि लिपी फारसी वळणाची! आज भाषा आणि लिपीला धर्माच्या पाट्या लावणाऱ्यांना ही पानं दाखवावीत.

म्युझियमच्या इतिहासात एक माणूसही येतो, ज्याचं नाव आपल्या मुलांना माहीत असतं, पण ही ओळख माहीत नसते. पक्षीतज्ज्ञ सलीम अली १९२६ मध्ये इथल्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याते म्हणून लागले. हा विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं उभा राहिला होता. विद्यापीठाची पदवी नसल्यानं त्यांची सरकारी नोकरी हुकली होती. म्युझियमनं त्यांना उभं केलं. शिकण्यासाठी ते बर्लिनला गेले आणि १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मग ते किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, ज्यानं त्यांचं नाव झालं.

आता आपल्या भागाकडे येतो. अजिंठा आपल्यापासून किती जवळ! पाचोरा-जामनेर छोट्या लाईनवरच्या पहूरला उतरून लोक लेण्यांकडे जायचे. या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर वर्षानुवर्षं बसून केल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. गिलसाहेबांची कबर आपल्या भुसावळला आहे. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत बऱ्याच नष्ट झाल्या. आपल्या दारातली चित्रं, आपल्या मुलांनी काढलेल्या नकला आणि त्यांची राख सात समुद्रांपलीकडे. आग कुठेही लागू शकते, हे खरं. पण ठेवायला आपली जागाच नसली की वस्तू कुठे जाणार, हे दुसराच कुणीतरी ठरवतो.

खानदेशात हे ओळखणारी माणसं झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेरीस धुळ्यात वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या पुडीला जाण्याआधी वाचवलेली दप्तरं आज तिथे अभ्यासायला मिळतात. आपल्या जुन्या मुस्लिम घरांतल्या, दर्ग्यांतल्या, मशिदींतल्या कागदांसाठी अशी पायपीट फार थोडी झाली.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. आजोबा गेले, घराची वाटणी झाली, नवी स्लॅब पडली. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. आत उर्दू-फारसी कागद. घरात आता ते कुणाला वाचता येत नाहीत. 'अल्लाहचं नाव असेल, पायाखाली यायला नको' या अदबीनं सगळं गाठोडं नदीत सोडलं जातं किंवा दफन होतं. जीर्ण कुरआनच्या पानांबाबत ही अदब योग्यच आहे. पण त्याच गाठोड्यात जमिनीची सनद, काझीचं दप्तर, हकिमाच्या नुस्ख्यांची वही, एखादा शजरा, कुणाचा तरी कलमी दीवानही जातो. जे पाण्यातून वाचतं ते भंगारवाल्याकडे किलोनं जातं. मग आपणच तक्रार करतो की इतिहासात आपलं नाव नाही.

ज्यांचे संग्रह म्युझियमला मिळाले, त्यांच्या वस्तू आज शंभर वर्षांनंतर शाळेची पोरं पाहतात. आपल्याकडे याला सदका-ए-जारिया म्हणतात, देणारा गेल्यावरही चालू राहणारं दान. विहीर खोदणं, मदरशाला किताब देणं आपल्याला ठाऊक आहे. जुना दस्तावेज जपून योग्य जागी देणं हेही त्याच रांगेत बसतं, असं मला वाटतं. ती वस्तू आपली मालमत्ता कमी आणि पुढच्या पिढीची अमानत जास्त आहे.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. पेटी निघाली तर आधी उर्दू-फारसी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. पवित्र पानं वेगळी करा आणि बाकीचं वेगळं ठेवा. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळत घालू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. वस्तू कुणाकडून, कोणत्या गावातून आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एका कागदावर लिहा. पंचाहत्तर वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. ते परदेशी पाठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. स्वतःकडे ठेवणं जमत नसेल तर धुळ्याचं मंडळ आहे, मुंबईचं म्युझियम आहे. देताना लेखी पोच घ्या आणि त्यावर आपल्या गावाचं नाव लिहून घ्यायला विसरू नका.