जेड बोन्साय, घरातील

पाना-खोडांत पाणी साठवणाऱ्या मांसल झुडपाला छाटणीने डेरेदार वृक्षाचे रूप देऊन उथळ कुंडीत जोपासण्याची पद्धत. पाइन, ज्युनिपर हे परंपरागत बोन्साय वृक्ष घरात तग धरत नाहीत. मांसल जाती खिडकीतल्या उन्हावर आणि कोरड्या हवेवर निभावतात. म्हणून हैदराबादसारख्या दख्खनी शहरातील सदनिकांना त्या मानवतात.

जाती : बोन्सायसाठी भारतात ‘जेड’ म्हणून लावतात ती बहुधा पोर्टुलाकारिया आफ्रा. ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. तेथे हत्ती तिचा पाला आवडीने खातात. पाने बारीक असल्याने वीतभर झाडातही वृक्षाचे प्रमाण साधते. क्रॅसुला ओव्हाटा हिलाही जेडच म्हणतात, पण तिची पाने मोठी. फुगीर बुंध्यासाठी अडेनियम लावतात. त्याचा चीक विषारी असल्याने छाटणीनंतर हात धुवावेत व कुंडी मुलांपासून दूर ठेवावी.

कुंडी : हाताने घडवलेली कुंडी शोभेइतकीच मुळांच्या आरोग्यासाठी मोलाची. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजलेली, झिलई नसलेली माती सच्छिद्र राहते आणि ओल बाहेर टाकते. १,२०० अंशांच्या आसपास भाजलेले स्टोनवेअर पाणी फारसे शोषत नाही. त्यात मिश्रण अधिक भरड लागते. वाळताना व भाजताना माती साधारण दहावा हिस्सा आक्रसते, म्हणून २० सेंमी. लांबीसाठी ओली कुंडी २२ सेंमी. घडवावी. तळाला निचऱ्याची दोन मोठी भोके, झाड तारेने बांधण्यासाठी बारीक भोके आणि खालून हवा खेळण्यासाठी पाय हवेत. सपाट तळ घाईने वाळवल्यास तडकतो. कुंडी सावलीत, कापडाखाली वाळवावी.

मिश्रण व पाणी : विटांचे ३ ते ५ मिमी. तुकडे, भरड वाळू आणि थोडे कंपोस्ट. भुकटी चाळून काढावी. पाण्याचा ताण पडला की पोर्टुलाकारिया पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडते, त्यामुळे तहान सोसते. अतिपाणी मात्र मुळे कुजवते. मिश्रण आतपर्यंत कोरडे झाल्यावरच भरपूर पाणी द्यावे; जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पाळ्या लांबवाव्यात.

ऊन : हैदराबाद सुमारे १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा थेट ऊन येत नाही. हिवाळ्यात मात्र ते खोलवर शिरते. म्हणून कुंडी उन्हाळ्यात पूर्वेच्या व हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ठेवावी. पेरांतले अंतर वाढून फांद्या लांबट होणे ही ऊन कमी पडल्याची खूण.

आकार : पोर्टुलाकारियाची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. छाटल्यावर फुटवे याच पानांच्या बगलेतून येतात. जी जोडी आडवी पसरली आहे तिच्या वर छाटल्यास फांद्या आडव्या फुटतात. तार न वापरताही झाडाला दिशा मिळते. छाटलेली फांदी काही दिवस सावलीत सुकवून लावल्यास मुळे धरते. उथळ कुंडीत बुंधा फार सावकाश जाडावतो. म्हणून रोप प्रथम मोठ्या कुंडीत, भरपूर उन्हात वाढवावे आणि बुंधा भरल्यावरच हातघडणीच्या कुंडीत हलवावे. मुळांच्या जखमा भरेपर्यंत, साधारण आठवडाभर, त्याला पाणी देऊ नये.