वालचंदशेठ आणि पाण्यावरचे भाडे

खंडाळा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बोरघाटाच्या माथ्यावरचा खंडाळा उभा राहतो. खंबाटकीच्या पायथ्याच्या आमच्या गावाला कोण विचारतो? असो. त्या दुसऱ्या खंडाळ्याकडच्या घाटात रेल्वेचे बोगदे खोदणाऱ्या कंत्राटदारांपैकी एक होते वालचंद हिराचंद. आमच्या जिल्ह्याशीही त्यांचा संबंध आला. धनजीशा कूपरांनी सातारा रोडला उभारलेला नांगरांचा कारखाना पुढे त्यांच्याच ताब्यात गेला.

सोलापूरच्या गुजराती जैन सावकारी घराण्यात 1882 साली जन्मलेल्या या गृहस्थाने पदवी न घेताच कॉलेज सोडले आणि रेल्वेतले एक माजी कारकून फाटक यांच्या भागीदारीत कंत्राटे घेतली. पहिल्या महायुद्धात लष्करी कामांवर पैसा मिळाला. इंग्रज सरकारचे काम करून श्रीमंत झालेला माणूस इंग्रज कंपन्यांशी भांडायला उठला, हा टीकाकारांचा पहिला मुद्दा. मला त्यात नवल वाटत नाही. सरकारच्या घरात वावरलेल्यालाच त्या घराच्या चाव्या कुठे टांगतात ते ठाऊक असते.

ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धात इस्पितळासाठी दिलेली आगबोट विकाऊ होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ती घेतली, ‘सिंदिया’ कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 रोजी बोट मुंबईहून लंडनला निघाली. बोटीचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा! स्वदेशी जहाजधंद्याचा श्रीगणेशा अशा नावाने व्हावा, हा दैवाचा विनोदच. बोट 1923 साली भंगारात निघाली.

खरी लढाई किनाऱ्यावर झाली. ब्रिटिश इंडिया कंपनीने, म्हणजे लॉर्ड इंचकेप यांच्या गोटाने, रंगूनच्या तांदळाचे भाडे एकदम खाली आणले. त्यापेक्षा धूर्त हत्यार होते ‘मागाहून मिळणाऱ्या सुटी’चे. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत सगळा माल आपल्याच बोटींतून पाठवला, तर भाड्यातला काही भाग त्याला पुढे परत मिळे. मध्येच एक खेप दुसऱ्याच्या बोटीतून गेली की साठलेली सूट बुडे. आमच्याकडचा वाणी उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाला अडकवतो. इथे साहेब गिऱ्हाइकाचाच पैसा आपल्याकडे ठेवून त्याला अडकवी. नव्या कंपनीचे भाडे कितीही स्वस्त असो, व्यापारी तिच्याकडे येणार कसा?

अखेर 1923 साली सिंदियाने इंचकेपांशी दहा वर्षांचा करार केला. धंदा किनाऱ्यापुरता, परदेशी वाहतूक बंद, जहाजांच्या टनांनाही मर्यादा. ज्यांनी देशाच्या नावावर भाग घेतले त्यांना हा सौदा झोंबला नसता तरच आश्चर्य. माझ्या मते शरण जाण्यावाचून कंपनीला दुसरी वाट नव्हती. पण त्या शरणागतीचे वर्णन ‘समजूत’ असे करणे मला मान्य नाही. ती तहात हरलेली लढाई होती. आपल्या इतिहासात पुरंदरचा तहही आहे, आणि त्यानंतरचीही पाने आहेत.

नरोत्तमशेठ 1929 साली मोटार अपघातात वारल्यावर वालचंद अध्यक्ष झाले. किनाऱ्याची वाहतूक हिंदी बोटींसाठी राखावी म्हणून हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. गांधीजींनी मात्र ‘यंग इंडिया’त या झगड्याची बाजू घेतली.

दुसऱ्या युद्धात वालचंदांनी बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, 1941 साली विशाखापट्टणला जहाजे बांधण्याची गोदी सुरू केली, आणि मग मोटारी. एवढे उद्योग एका माणसाने अंगावर घ्यावेत का? सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला असेल तर त्यांचे चुकले नाही. विमानांच्या कारखान्यातला त्यांचा भाग सरकारने 1942 साली विकत घेतला. गोदीत बांधलेली ‘जलउषा’ 1948 च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

पुढच्या वर्षी वालचंदांना अर्धांगवायू झाला. 1950 साली सिंदियाचे अध्यक्षपद सुटले. 1952 साली गोदीचा मोठा हिस्सा स्वराज्याच्या सरकारकडे गेला, आणि 8 एप्रिल 1953 रोजी सिद्धपूरला ते वारले. कारभार भावांकडे राहिला. सिंदियाची जहाजे आता समुद्रावर नाहीत. 5 एप्रिल मात्र 1964 पासून सागरी दिन म्हणून पाळला जातो.