गोंदियाचीं तळीं आणि त्यांचे राखणदार

कोंकणच्या किनाऱ्यावर गेल्या पाव शतकांत निसर्गरक्षणाचें जें काम झालें, तें महाराष्ट्रांतील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांच्या कानांवर आलेलें आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेनें २००२ पासून गांवकऱ्यांच्या साहाय्यानें समुद्रकासवांचीं अंडीं राखण्यास आरंभ केला. पुढें २०१२ सालीं शासनानें खारफुटीच्या रक्षणासाठीं स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापिला. समुद्रापासून शेंकडों कोस दूर, महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोंकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्याचा ह्या विषयाशीं काय संबंध, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न वावगा म्हणतां येणार नाहीं. परंतु कांठ हा कांहीं खाऱ्या पाण्यालाच असतो असें नाहीं. पाणी आणि जमीन जेथें जेथें भेटतात, तेथें तेथें वनस्पति, मासे, पक्षी आणि त्यांवर पोट भरणारीं माणसें ह्यांचा एक सामायिक संसार उभा राहतो. असा संसार गोंदियांत हजारों तळ्यांच्या कांठीं शतकानुशतकें चालत आलेला आहे. आणि तो मोडला कसा व सांवरूं लागला कसा, हें पाहण्यासारखें आहे.

गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. म्हणून त्यापूर्वींचा त्याचा इतिहास तो भंडाऱ्याचाच इतिहास होय. वैनगंगेच्या खोऱ्यांतील ह्या प्रदेशांत पाऊस पन्नास इंचांच्या आसपास पडतो, म्हणजे तो कमी नव्हे. परंतु तो चार महिन्यांत पडून जातो. आणि भात हें पीक तर असें कीं, लोंबी भरण्याच्या ऐन वेळीं पावसानें दगा दिला तर सबंध वर्षाचे श्रम वायां जावे. ह्या संकटावर येथील पूर्वजांनीं जो उपाय शोधला तो साधा होता. दोन टेंकड्यांमधील सखल जागा मातीच्या पाळीनें अडवावयाची आणि आषाढ-श्रावणांतलें पाणी आश्विनासाठीं राखून ठेवावयाचें. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून अशीं सहा हजारांहून अधिक तळीं आहेत.

ह्या कामांत कोहळी समाजाचें नांव सर्वांच्या पुढें येतें. चांद्याच्या गोंड राजानें काशीकडून ह्या लोकांस आपल्या राज्यांत आणिलें अशी आख्यायिका आहे. आणि रसेल व हिरालाल ह्यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांच्या तळीं बांधण्याच्या कौशल्याची मुद्दाम दखल घेतली आहे. अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांध हा सुमारे ११ चौरस किलोमीटरांचा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यानें बांधिला, असें परंपरा सांगते. ह्याच जलाशयाच्या कांठीं राहून मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनीं ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलें, आणि येथील पक्षी व माणसें मराठी वाचकांच्या ओळखीचीं करून दिलीं.

तळें म्हणजे नुसता पाण्याचा सांठा नव्हे; ती एक व्यवस्था होती. पाळीला पाणी सोडण्याचें दार असे, त्यास तुडूम म्हणत. जास्तीचें पाणी वाहून जाण्यासाठीं बाजूस सलंग ठेवीत. आणि एका तळ्याचें ओसंडलेलें पाणी पुढच्या तळ्यांत किंवा बोडींत शिरे, त्यामुळें ओढ्याच्या वाटेनें तळ्यांची माळच तयार होई. कोणाच्या बांधींत किती पाणी जावयाचें हें पाहण्यास पाणकर असे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे गाळ उपसून शेतांत घालीत, आणि त्याच कामांत पाळीची डागडुजी उरकून घेत. ढिवर समाज मासे धरी, शिंगाडा लावी. कांठच्या चिखलांत कमळ आणि देवधान वाढे, आणि हिंवाळ्यांत त्यांच्या आश्रयास दूरदेशचीं बदकें येत.

ह्या तळ्यांस आज ‘मालगुजारी तलाव’ म्हणतात. हें नांव कांहींसें फसवें आहे. मालगुजारांस जमिनीची मालकी मिळाली ती इंग्रजी अमलांत, १८६० च्या सुमारास झालेल्या जमाबंदीनें. पुष्कळशीं तळीं त्याहून जुनीं आहेत. सारा गोळा करणाराचें नांव तळ्याला मिळालें, आणि ज्यांनीं डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. जुन्या काळाचें गुणगान करतांना हें विसरतां कामा नये. त्या व्यवस्थेंत शिस्त होती, पण समता नव्हती. ढिवराची जाळीं मालकाच्या मर्जीवर पाण्यांत पडत.

१९५० च्या मध्यप्रदेश कायद्यानें मालगुजारी रद्द झाली, आणि १९५१ च्या मार्चअखेर तळीं सरकारच्या मालकीचीं झालीं. कायद्याचा हेतु न्याय्यच होता, ह्याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. निस्तार हक्कांची, म्हणजे गांवकऱ्यांच्या वहिवाटीची, नोंदही त्या वेळीं करण्यांत आली. परंतु मालकाबरोबर मालकाची जबाबदारीही गेली, आणि ती उचलावयास दुसरें कोणी पुढें आलें नाहीं. पुढें हा प्रदेश १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. मोठीं तळीं पाटबंधारे खात्याकडे, तर लहान जिल्हा परिषदेकडे गेलीं. १९७० च्या सुमारास इटियाडोहासारखीं धरणें झालीं, आणि सर्वांचें लक्ष तिकडे वेधलें. गाळ साचत राहिला, कांठावर अतिक्रमणें झालीं, बेशरमीच्या झुडुपांनीं पात्र व्यापलें. कटला-रोहूचें बीज सोडणें तेवढेंच मत्स्यविकासाचें लक्षण ठरलें; देशी मासा कशावर जगतो हें कोणी विचारलें नाहीं.

तो प्रश्न अखेर ज्यांचें पोट पाण्यावर त्यांनींच विचारला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ह्या संस्थेनें मनीष राजनकर ह्यांच्या पुढाकारानें ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर जें काम केलें, त्याचें वैशिष्ट्य असें कीं, तें केवळ गाळ काढण्याचें नव्हतें. यंत्रानें पात्र सरसकट खरवडलें तर पाणी अधिक मावेल. परंतु उथळ कांठ नाहींसा झाला म्हणजे त्यावरील वनस्पति गेली, वनस्पति गेली म्हणजे तिच्यांतील किडे व माशांची अंडीं गेलीं, आणि मागोमाग पक्षीही गेले. म्हणून ह्या लोकांनीं आधीं बेशरम मुळांसकट उपटली, उन्हाळ्यांत कोरड्या पात्राची नांगरट केली, आणि जेथें देशी वनस्पति शिल्लक होती अशा तळ्यांतून ती आणून ओल्या चिखलांत लाविली. कोणती वनस्पति कोणत्या माशाला लागते, हें ज्ञान वृद्ध कोळ्यांजवळ होतें. पुस्तकांनीं त्याला फक्त शास्त्रीय नांवें दिलीं. ह्या कामांत ढिवर समाजांतील स्त्रियांच्या गटांचा वांटा मोठा आहे. ज्यांस पूर्वीं संस्थेच्या सभेंत बसावयासही जागा नसे, त्या आतां तळ्याचा हिशेब मागूं लागल्या आहेत.

सारसाची कथाही ह्याहून निराळी नाहीं. उडणाऱ्या पक्ष्यांत जगांत सर्वांत उंच असा हा पक्षी महाराष्ट्रांत आतां गोंदिया आणि त्याच्या शेजारचे जिल्हे एवढ्यांतच उरला आहे. तो तळ्याकांठीं किंवा उभ्या भातांत घरटें करतो. म्हणजे त्याचें आयुष्य सर्वस्वीं शेतकऱ्याच्या हातीं आहे. ‘सेवा’ ह्या गोंदियाच्या संस्थेनें सावन बहेकार ह्यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांसच ह्या घरट्यांचे राखणदार केलें. तरीही धोका टळलेला नाहीं. विजेच्या तारा आणि शेतांतील विषारी औषधें त्याच्या मुळावर उठलीं आहेत. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास ह्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

सामायिक कुरण हें सर्वांच्या हांवेनें उजाड होणारच, असा सिद्धान्त अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन ह्यानें १९६८ सालीं मांडला. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीनें १९९० च्या आपल्या ग्रंथांत देशोदेशींचे दाखले देऊन दाखविलें कीं, वापरणाऱ्यांस नियम करण्याचा अधिकार असेल आणि राखणदार त्यांस जबाबदार असेल, तर सामायिक वस्तु पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या पाणकरास हें तत्त्व ठाऊक होतें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; पण तो तें पाळीत होता, एवढें खास.

तेव्हां प्रश्न उरतो तो अधिकाराचा. आज सुशोभीकरणाच्या नांवाखालीं तळ्याच्या कांठाला दगडी भिंत घालण्याची आणि भोंवतीं फिरण्याची वाट करण्याची हौस आपल्या शहरवासीयांस आहे. भिंतीच्या आंत पाणी राहील. परंतु कांठ राहणार नाहीं, आणि कांठ गेला म्हणजे ढिवर, सारस व देवधान हीं तिन्ही एकदमच जातील. १९५१ सालीं आपण एक अन्यायी मालक दूर केला, हें योग्यच झालें. त्याच्या जागीं गांवाला बसविण्याचें राहून गेलें. तें राहिलेलें काम तळ्याकांठच्या माणसांनीं आपल्या हातांनीं सुरू केलें आहे; त्यांच्या हातून तें काढून न घेणें, एवढें तरी आपणांस करतां यावें.