कैद्यांच्या याद्यांतील पूर्वज

नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेल्या यात्रेकरूला आपल्या पणज्याचें नांव क्षेत्रोपाध्यायांच्या वहींत पुष्कळदां सांपडतें. तें त्या पणज्यानें स्वतः होऊन, पुण्यकर्माच्या वेळीं लिहविलेलें असतें. ऑस्ट्रेलियांतील कित्येक जुन्या घराण्यांचा मूळपुरुष मात्र ज्या पानावर प्रथम भेटतो, तें पान सरकारी कारकुनानें लिहिलेलें असतें. आणि आपलें नांव तेथें यावें अशी त्या बिचाऱ्याची इच्छा खास नव्हती.

१७८८ च्या जानेवारींत कप्तान आर्थर फिलिप ११ जहाजांचा ताफा घेऊन तेथें पोंचला. तेव्हांपासून १८६८ पर्यंत सुमारें १,६०,००० स्त्रीपुरुष काळ्या पाण्याच्या शिक्षेवर ऑस्ट्रेलियास धाडले गेले. कैद्यांच्या जहाजांबरोबर याद्या येत. आरंभींच्या याद्यांत नांव, खटल्याचें ठिकाण व शिक्षेची मुदत एवढेंच असे. गुन्हा कोणता, हें बहुधा नसेच. पुढें वसाहतींत हजेऱ्या होऊं लागल्या आणि मुदत संपलेल्यास मुक्ततेचा दाखला मिळूं लागला. नंतरच्या काळांतील अशा दाखल्यांवर उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, अंगावरील वण हें सारें टिपलेलें आढळतें. ज्याचें चित्र कोणीं कधीं काढलें नाहीं, अशा गरीब माणसाची चेहरेपट्टी पणतवंडांस मिळते ती अशी!

तेव्हां पूर्वजांचा माग काढणें सोपें, असें वाटेल. पण कागद बोलतो तो नेहमी सारें सांगतोच असें नाहीं. १८२८ सालीं न्यू साउथ वेल्सची पहिली रीतसर खानेसुमारी झाली. तींत ३६,५९८ माणसें मोजली गेलीं. स्वतंत्रपणें आलेला कोण, वसाहतींत जन्मलेला कोण आणि शिक्षा भोगून सुटलेला कोण, हें प्रत्येकाच्या नांवापुढें नोंदविलें होतें. त्या वेळीं मेरी रीबी या सिडनीच्या धनाढ्य विधवेनें आपण १८२१ सालीं स्वतंत्रपणें आल्याचें सांगितलें. १८२० सालीं ती मुलींसह इंग्लंडास गेली होती व पुढील वर्षीं परतली, हें खरेंच होतें. परंतु तिचें पहिलें आगमन १७९२ सालचें! लँकशर परगण्यांतील ही मेरी हेडॉक, तेरा वर्षांची पोर, मुलाच्या वेषांत जेम्स बरो या नांवानें वावरत असतां घोडा चोरल्याच्या आरोपावरून पकडली गेली. १७९० सालीं तिला सात वर्षांची शिक्षा झाली आणि 'रॉयल ॲडमिरल' जहाजानें ती सिडनीस आली. १७९४ त तिनें टॉमस रीबीशीं लग्न केलें; १८११ त तो वारला, तेव्हां सात मुलें व मोठा व्यापार तिच्या गळ्यांत पडला. दोन्ही तिनें समर्थपणें संभाळलीं. तिचें तें उत्तर खोटें म्हणवत नाहीं, पुरतें खरेंहि म्हणवत नाहीं. खानेसुमारीवरच विसंबणाऱ्याला एक प्रतिष्ठित बाई दिसेल, तर जहाजाच्या यादीवरच थांबणाऱ्याला एक कैदी पोर. दोन्ही कागद शेजारीं ठेवल्यावांचून मेरी रीबी दिसत नाहीं.

कारकुनाच्या बाजूचा दोषहि ध्यानांत ठेवावा लागतो. १८०६ त सॅम्युअल मार्सडेन या धर्मोपदेशकानें वसाहतींतील १,४३० स्त्रियांची नोंदवही केली. इंग्लंडच्या चर्चच्या विधीनें झालेलें लग्न तेवढेंच तो लग्न मानी. त्यामुळें ३९५ स्त्रिया विवाहित ठरल्या, व उरलेल्या १,०३५ रखेल्या. यांत आपल्या पतीशीं इमानानें संसार करणाऱ्या कॅथॉलिक आयरिश बायकाहि आल्या. खापरपणजीच्या नांवापुढें तो शब्द वाचून आजचा वंशज खालीं मान घालतो. त्यानें आधीं लिहिणाराचा हात पाहावा.

हा मूळचा डाग झांकण्याची धडपड दोन-तीन पिढ्या चालली. रीबीचा नातू १८७६ सालीं टास्मानियाचा मुख्य प्रधान झाला. अशा घरांत 'रॉयल ॲडमिरल'चें नांव कोण काढणार? २२ सप्टेंबर १८८२ रोजीं सिडनीचा गार्डन पॅलेस जळाला व त्यांत १८८१ च्या खानेसुमारीचे कागद भस्म झाले, तेव्हां कुळाची अब्रू राखण्यासाठींच कोणा बड्यानें आग लावविली, अशी बोलवा उठली. पण १८२८ च्या खानेसुमारीची एक प्रत सिडनीस व दुसरी लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत शाबूत राहिली. १९९४ पासून ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर मेरी रीबीचें चित्र आहे.