उद्याचा वारा

सायकलवर लांब जायचं असलं की मी पावसाआधी वारा बघतो. पाऊस भिजवतो, समोरचा वारा मात्र दमवतो. तुम्ही ताशी २० किलोमीटरने चाललात आणि समोरून १० चा वारा आला, तर अंगावर येणारी हवा ३० ची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो थेट सव्वादोन पट! चढ निदान कधीतरी संपतो तरी...

पण उद्याचा वारा आज सांगायचं धाडस पहिल्यांदा केलं कुणी?

हे श्रेय बरंचसं रॉबर्ट फिट्झरॉयचं. डार्विन ज्यावरून जगभर फिरला त्या ‘बीगल’ जहाजाचा हा कप्तान. वाऱ्याच्या जोराला शून्य ते बारा आकडे देणारी ब्यूफर्टची मोजपट्टी त्याने त्या सफरीत (१८३१-३६) वापरली. १८५४ मध्ये तो ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. ऑक्टोबर १८५९ च्या वादळात ‘रॉयल चार्टर’ जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. तारेचा संदेश वादळाच्या पुढे धावू शकतो, मग बंदरांना आधीच का कळवू नये, असं फिट्झरॉयचं म्हणणं. १८६१ मध्ये बंदरांवर इशाऱ्याच्या खुणा चढू लागल्या. त्याच वर्षी १ ऑगस्टला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याचा पहिला अंदाज छापून आला. गंमत म्हणजे त्यात प्रत्येक भागासाठी वाऱ्याचा जोर आणि दिशा आधी दिली होती. अगदी सायकलवाल्याला हवी तशी!

हे भविष्यकथन नव्हे, असं तो बजावत असे. तरी अंदाज चुकला की टिंगल व्हायचीच. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. पैशाची ओढाताण, ढासळलेली तब्येत, नैराश्य अशी इतर कारणंही होती. पुढच्याच वर्षी अंदाज आणि इशारे दोन्ही बंद झाले. इशारे मात्र लवकरच पुन्हा सुरू करावे लागले. ज्यांचा जीव समुद्रावर पणाला लागलेला होता, त्यांना अधूनमधून चुकणारा इशाराही हवाच होता. वर्तमानपत्रांतला अंदाज परतला तो १८७९ मध्ये.

ब्यूफर्टची पट्टी मुळात शिडांच्या जहाजांसाठी होती. जमिनीवरच्या खुणा १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसनने ठरवल्या. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ३, धूळ आणि सुटे कागद उडायला लागले तर ४. हाच सिम्पसन नंतर सिमल्याला, भारतीय हवामान खात्यात आला. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला हललं आणि शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांची ‘सिमला ऑफिस’ झाली. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं.

आता मोबाइलवर तासातासाचा वारा दिसतो. पण तो आकडा साधारणपणे जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. सायकलच्या उंचीवर झाडं, घरं आडवी येतात आणि वारा बहुधा कमी लागतो. म्हणून आकडा बघावा आणि निघताना समोरच्या झाडाची पानंही बघावीत. जमलं तर जाताना वारा समोरून घ्यावा, म्हणजे दमलेल्या पायांना येताना तो पाठीशी मिळतो.

अंदाज चुकला तर आपले फार तर पाय दुखतात, आणि आपण हवामान खात्यावर एखादा विनोद करतो. विनोद करायला हरकत नाही. फक्त हा उद्योग सुरू झाला तो बुडालेल्या माणसांमुळे, एवढं लक्षात असावं.