माळ नव्हे, महाल

जुन्या यवतमाळांत घरांच्या ओळींत एखादी जागा मोकळी दिसली, कीं लोक तिला ओसाड माळ समजतात. परंतु गांवाच्या नांवांतील ‘माळ’ हा ‘महाल’, म्हणजे परगणा, या शब्दाचा अपभ्रंश मानितात. पूर्वीं गांवास योत-लोहारा म्हणत. १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत गेला. १९०५ सालीं वणी जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. कापसाच्या व्यापारानें वस्ती वाढली व जागेस मोल आलें.

म्हणून मोकळी जागा बेवारस नव्हे. ती सरकारी नझूल आहे कीं खाजगी, हें मोजणीचा नकाशा व हक्काची नोंद पाहूनच ठरतें. घर पडलें, तरी भूमीवरील हक्क पडत नाहीं. नवें घर उठविणाऱ्यानें आधीं तो शोधावा.